फ्लेक्सखाली बसलेली बानूबाई

दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या बानूबाईशी भांडायला जाऊ नये, हे तिथल्या नव्या सुनांना पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगून ठेवतं. बाई वाईट नाही हो, जीव लावणारी आहे. पण खोटं दिसलं की तिच्या अंगाचा तिळपापड होतो, आणि मग समोर सोयरा असो की सरपंच, ती भीडभाड ठेवत नाही. एकदा पुण्याच्या मार्केटात एका आडत्यानं 'माल ओला आहे' म्हणत तिच्या झेंडूचा भाव पाडला. तिनं क्रेट तिथंच पालथा घातला, मूठमूठ फुलं पदरावर पुसून परत भरली आणि विचारलं, "आता सांग, फूल वलं हाय का तुझी नियत?" आडत्यानं मुकाट भाव दिला. तेव्हापासून तिचा टेम्पो दिसला की तो आधी रामराम घालतो.

माहेर पाटसचं. लग्न होऊन राहूत आली तेव्हा नवरा हौसराव दोन एकरांत ऊस लावून तोडीच्या टोळीची वाट बघत बसायचा. बानूबाईनं ऊस मोडायला लावला आणि झेंडू लावला. सासऱ्यानं कपाळावर हात मारला. "ऊस असला की चार माणसांत बसता येतंय. फुलं म्हंजी बायकांचा धंदा." "मग बायकूच करतीया की," ही म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन यवतच्या स्टँडवर जाऊन बसली. पुढं पाटीचे क्रेट झाले, क्रेटचा टेम्पो झाला. आज आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका संध्याकाळी फोन करून तिलाच विचारतात, 'बाने, सकाळी तोडू का एक दिस ठिवू?' ती म्हणाली तोडा की तोडतात. तिचा अंदाज चुकत नाही, आणि चुकला तर ती आधी स्वतःच्या नावानं बोटं मोडते.

अशा बाईला फसवायचं कसं? भाव पाडून नाही, धाक दाखवून तर नाहीच नाही. तिला फसवायचं ते कौतुक करून, आणि हे रविराजला बरोबर कळलं.

हा रविराज शिरूरकडच्या बड्या बागायतदाराचा मुलगा. चुलता पुढारी, दारात पांढरी गाडी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून त्यानं शिरूरला शेअर मार्केटचा क्लास काढला होता. क्लासच्या उद्घाटनाला तोरणं लागणार म्हणून तो झेंडू घ्यायला राहूत आला. बानूबाई तेव्हा बांधावर उभी राहून फोनवर तिघा आडत्यांना एकमेकांविरुद्ध खेळवत होती. तो बघत राहिला. फोन संपल्यावर हात जोडून म्हणाला, "मावशी, तुम्ही जन्मजात ट्रेडर आहात. तुमच्यासारखं डोकं माझ्या एकाही विद्यार्थ्याला नाही."

उभ्या जन्मात बानूबाईला असं कुणी म्हणालं नव्हतं. तोंडाळ म्हणाले, भांडकुदळ म्हणाले, हौसरावची वाघीण म्हणाले. डोकं आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. ती लाजली, आणि त्याला दोन क्रेट फुकट देऊन बसली.

मग तो येतच राहिला. ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि समजावून सांगायचा. "कंपन्या दर तीन महिन्यांनी निकाल लावतात, मावशी. नफा किती झाला ते. निकाल चांगला लागला की शेअर चढतो. पण शेअरच घ्यायचे तर लई पैसा लागतो. त्यापेक्षा नुसता हक्क घ्यायचा. महिनाअखेरपर्यंत अमुक भावानं शेअर घ्यायचा हक्क. त्याला ऑप्शन म्हणतात. त्यासाठी थोडे पैसे द्यायचे, त्याला म्हणायचं प्रीमियम. शेअर चढला की तो हक्कच महागात विकून मोकळं व्हायचं."

"म्हंजी इसार," बानूबाई म्हणाली.

"बरोब्बर! इसारच!" रविराजनं मांडीवर थाप मारली.

इथंच घात झाला. इसार म्हणजे काय ते आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. जमिनीला इसार दिला, सौदा बांधून घेतला, आणि मधल्या काळात जमिनीचा भाव चढला तर इसारवाल्याची चांदी. जमीन महाग झाली आणि इसाराची पावती मातीमोल झाली, असं दौंड-शिरूर तालुक्यात कधी घडलेलं नाही. म्हणून बानूबाईनं पुढचं काही विचारलंच नाही. सून सारिका बारावी शिकलेली, फोनवरचा सगळा व्यवहार तिच्याकडं. तिनं एकदा विचारून पाहिलं, "आत्या, निकाल चांगलाच लागंल हे कशावरनं?"

त्याचंही उत्तर बानूबाईकडं तयार होतं. रविराजनं सुचवलेली कंपनी होती गाड्यांचे सुटे भाग बनवणारी, कारखाना रांजणगावच्या एमआयडीसीत. वस्तीवरची निम्मी पोरं तिथं कामाला. तिन्ही पाळ्या चालू, सुट्टीच्या दिवशीसुद्धा ओव्हरटाइम, पोरं घरी आली की जेवताना ताटावरच पेंगायची. "असल्या कंपनीचा निकाल वाईट लागंलच कसा गं?" ती म्हणाली. सारिकालाही ते पटलं, कारण बोलणं खरं होतं.

आणि बानूबाईला गोष्ट एकटीनं खायची सवय नाही. तिनं वस्तीवरच्या बायकांना सांगितलं. शेजारच्या मळ्यातली नकुशी तर तिची लग्नापासूनची जोडीण. एका पाटीला दोघी हात लावायच्या. नकुशी आधी नको म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय, बाने?" "मला कळतंय ना? मग झालं!" बानूबाई म्हणाली. नकुशीनं मान डोलावली, आणि तिच्यामागं बाकीच्या बायकांनीही. रविराजनं सगळ्यांची खाती काढून दिली, क्लासची फी घेतली, निकालाच्या तोंडावर त्या कंपनीचे ऑप्शन घ्यायला लावले, आणि बानूबाईचा हातात फोन घेऊन हसतानाचा फोटोही काढला. "आठवण म्हणून," म्हणाला.

निकालाच्या दिवशी बायका फुलांच्याच टेम्पोत बसून शिरूरला गेल्या. क्लासच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, समोर भिंतीवर मोठा पडदा, रविराजच्या फोनमधलं सगळं त्या पडद्यावर. दुपारी निकाल आला. नफा वाढलेला, चांगला सणसणीत वाढलेला! बायकांनी टाळ्या पिटल्या. शेअरही थोडा वर सरकला. बानूबाई उठून उभी राहिली, जणू तिच्याच पोराचा नंबर आला होता.

तेवढ्यात सारिकानं हातातला फोन सासूपुढं धरला. तिचा चेहरा पडला होता. शेअर वर होता, आणि त्यांनी घेतलेला ऑप्शन मात्र घसरत होता. बघता बघता निम्म्याच्या खाली आला. प्रत्येकीच्या फोनवर लालभडक आकडे.

"निकाल पास लागला ना?" नकुशीनं विचारलं. "मग नापास कोण झालं?"

रविराजनं घसा साफ केला. "याला आयव्ही क्रश म्हणतात. निकालाच्या आधी सगळ्यांना धाकधूक असते. कंपनी काय सांगेल, शेअर किती उडेल. त्या धाकधुकीमुळं प्रीमियम फुगतो. निकाल लागला की धाकधूक संपते, मग हवा जाते. शेअर लई मोठा उडाला तरच भरून निघतं. आज तेवढा उडाला नाही."

बानूबाईनं डोळे बारीक केले. तिला ते पटकन कळलं, आणि कळलं म्हणूनच तिच्या पायाखालची जमीन सरकली. "म्हंजी दसऱ्याच्या दुपारचा झेंडू," ती हळू म्हणाली. "आदल्या दिशी शंभरानं मागत्यात, दुपारी पूजा झाली की गुरांम्होरं टाकत्यात. फूल तेच असतंय."

"वा मावशी!" रविराज टाळी वाजवून म्हणाला. "एकदम बरोबर उदाहरण!"

अरे, टाळी वाजवतोस? समोर बायकांचे पैसे बुडताहेत आणि हा गडी उदाहरणाला दाद देतोय! बानूबाईचं डोकं तिथंच फिरलं. "तुला हे आदीपासनं ठावं व्हतं? मग मी इसार म्हणाले तवा मांडीवर थाप मारलीस ती कशापायी?"

तो गडबडला. पडद्यावर दुसरं काहीतरी दाखवायला म्हणून त्यानं घाईघाईनं फोनवर बोट फिरवलं, आणि नको ते उघडलं. त्याचं स्वतःचं खातं. तीच कंपनी, तोच ऑप्शन, त्याच दिवसाचा. पण आकडा हिरवागार. त्यानं झटकन पडदा बंद केला, पण सारिकानं वाचायचं ते वाचलं होतं.

"आत्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "तिथं वजाची खूण व्हती. सरांनी घेतलं न्हाई, इकलंय. आपल्याला घ्या म्हणाले आन् सोता इकलं."

रविराज हसला. तसलं हसू बानूबाईनं आडत्यांच्या तोंडावर ढीगभर पाहिलं होतं. "ते हेजिंग असतं, तोट्यावर उतारा म्हणून केलेला उलटा सौदा, तुम्हाला नाही कळायचं. आणि मी तुम्हाला थोडंच विकलं? मार्केटला विकलं. मार्केटमध्ये कुणीतरी विकणार, कुणीतरी घेणार. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रिस्क असते म्हणून."

"रिस्क व्हय?" बानूबाई म्हणाली. "रिस्क आमाला आन् हिरवं तुला? फुगल्यालं इकायचं असतंय हे तुला म्हाईत व्हतं, आन् आमाला घ्यायला लावलंस. शिकवायची फी घेतलीस आन् शिकवलंस उलटं! तुझ्यापरीस ते आडते देवमाणसं. ते निदान तोंडावर लुटत्यात."

तो म्हणाला, मावशी, भावनेच्या भरात ट्रेडिंग करायचं नसतं. यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शिरूरच्या त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना ते अजून तोंडपाठ आहे.

परतीच्या वाटेवर टेम्पोनं न्हावरं मागं टाकलं. मग नकुशी बाहेर बघतच म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून, बाने." एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. बानूबाईला वाटलं, हिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून संध्याकाळचे फोन थांबले. कुणी काही बोलत नव्हतं, पण सकाळी तोडू का उद्या, हे तिला विचारणंही बंद झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मनात कुढत तिनं ते गिळलं असतं. चुकलं ते चुकलं, आपलीच अक्कल शेण खायला गेली होती. पण गौरी-गणपतीच्या सुमाराला हौसराव यवतहून आला तो नाचतच. "आगं, तुझा फोटू लागलाय! स्टँडसमोर, एवढा मोठा फ्लेक्स! सगळी बघत्यात!"

बानूबाई तशीच चपला घालून निघाली. हायवेच्या कडेला, चौकात, दोन बांबूंना बांधलेला फ्लेक्स. एका बाजूला हात जोडलेला रविराज, वर कोपऱ्यात त्याचा चुलता, आणि मध्ये ती स्वतः, हातात फोन, तोंडभर हसू. खाली अक्षरं: 'राहूच्या बानूबाई, शेतातून थेट शेअर मार्केट! मावशींना जमलं, तुम्हालाही जमेल. रिझल्ट स्पेशल बॅच आता यवतमध्ये. दसऱ्याच्या मुहूर्तावर प्रवेश.'

ज्या चौकात पाटी मांडून तिनं नाव कमावलं, त्याच चौकात तिच्याच तोंडानं माणसं गोळा करायला हा निघाला होता! नकुशी एकदा बुडाली ती हिच्या शब्दावर. आता अख्खं यवत बुडणार हिच्या फोटोवर. आणि फोटोतली ती हसत होती, हसतच राहणार होती.

तिनं फोन लावला. "फ्लेक्स काढ."

"काढतो मावशी, पोरगं पाठवतो."

पोरगं आलं नाही. तिनं परत लावला, परत तेच. फ्लेक्स छापणाऱ्याकडं गेली, तो म्हणाला, "ज्यानं पैसं दिलं तो सांगंल तवाच उतरवणार, आक्का." मग एके दिवशी रविराजनंच फोन केला, आवाज लोण्यासारखा. "मावशी, रागावू नका. तुमच्या नावावर यवतमध्ये धडाधड नावं नोंदवताहेत लोक. एक काम करू, प्रत्येक ॲडमिशनमागं तुम्हाला कमिशन देतो. तुमचं नुकसान दिवाळीपर्यंत भरून निघेल."

बानूबाईनं फोन कानापासून लांब धरला, विंचू असल्यासारखा. पोराला लाज कशी ती शिवलेलीच नव्हती!

हौसराव बिचारा साधा माणूस. जेवताना म्हणाला, "रातच्याला जाऊन फाडून टाकू का? कुणाला कळायचं न्हाई."

"चोरी त्यानं केली, आन् रातच्याला मी जाऊ?" ती कडाडली. "मी दिवसा जाणार."

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. झेंडूचे क्रेट टेम्पोतून उतरवले आणि बरोब्बर फ्लेक्सच्या खाली मांडले. डोक्यावर छापलेली बानूबाई, खाली बसलेली बानूबाई. गिऱ्हाईक यायचं, फुलं घेता घेता वर बघायचं, मग खाली बघायचं. "मावशी, ह्या तुमीच का?"

"मीच," ती म्हणायची. "इचार की काय इचारायचं ते."

आणि ती सांगायची. इसार सांगायची, ओव्हरटाइम सांगायची, पास झालेला निकाल आणि लाल झालेले फोन सांगायची. हातातला झेंडू पुढं करून म्हणायची, "ह्यो आज महाग हाय का? उद्या दुपारी इचार. आन् तो वर हात जोडून हुबा हाय ना, त्यानं आमाला सांगितलं घ्या, आन् सोता इकलं. माझ्या सुनंनं डोळ्यांनी बघितलंय." आवाज तिचा मुळातच पाटी विकून तयार झालेला, स्टँडच्या पार पलीकडं जायचा. एसटीची वाट बघणारी माणसं जवळ सरकली. पैसे पेपरात गुंडाळून फी भरायला निघालेला एक मास्तर तर ऐकून तिथंच उकिडवा बसला आणि खिशातली पुडी चाचपत राहिला. दुपारपर्यंत चौकात रांग फुलांची नव्हती, गोष्टीची होती.

संध्याकाळी पांढरी गाडी आली. मागं शिडी घेऊन दोन पोरं. रविराज उतरला, कुणी बघतंय का ते बघितलं, सगळेच बघत होते. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगत होतात ना, फ्लेक्स काढा म्हणून. हे बघा, काढायलाच आलोय."

"न्हाई काढायचा," बानूबाई म्हणाली.

"अहो, तुम्हीच..."

"तवा सांगितलं तवा काढला न्हाईस. आता ऱ्हाऊ दे."

"फ्लेक्स माझ्या पैशाचा आहे, मावशी."

"तोंड माझं हाय."

शिडीवर चढलेलं पोरगं एकदा मालकाकडं, एकदा बानूबाईकडं बघत मध्येच लटकलं. रविराजनं आवाज आणखी खाली आणला. "हे बघा, तुमचं जे गेलं ते मी उद्या देतो. तुमचं. फक्त इथनं उठा."

"माझं?" ती मोठ्यानं म्हणाली. "माझं एकटीचं? आन् नकुशीचं? वस्तीचं? ऐकलं का रं समद्यांनी, ह्यो माझं एकटीचं द्यायला आलाय! म्हंजी खाल्लंय ते कबूल हाय ह्याला!" ती उठली आणि शिडीला हात घातला. "फ्लेक्स उतरवायचाय ना तुला? मग ह्या पोराला खाली घे आन् तू चढ. वर जा, माझ्या फोटूशेजारी हुबा ऱ्हा, आन् ह्या समद्यांना सांग, त्या दिशी मी ह्यांना घ्यायला लावलं आन् मी इकलं. सांग, आन् खुशाल काढ. मीच शिडी धरते."

तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. पोरगं मुकाट खाली उतरलं आणि बाजूला झालं. चौकातली माणसं शिडीभोवती सरकली. रविराजनं शिडीकडं पाहिलं, वर स्वतःच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. चार पायऱ्यांची ती काय शिडी, पण त्याचा पाय उचलला नाही. काहीतरी पुटपुटत तो गाडीत बसला. गाडी गेली, पोरं शिडी खांद्यावर टाकून चालत तिच्यामागं गेली.

दसऱ्याच्या दिवशी यवतच्या बॅचला प्रवेश घ्यायला कुणी गेलं नाही असं नाही. गेलेच चार-पाच जण, जाणारा जातोच. पण त्यांनाही त्या चौकातूनच जावं लागलं, आणि बानूबाई सकाळपासून तिथंच होती. पूजा झाल्या, दुपार कलली, उरलेला झेंडू तिनं गुरांपुढं टाकला. हौसराव टेम्पो घेऊन आला आणि म्हणाला, चल, आता काय इकायचं ऱ्हायलंय?

"काय न्हाई," ती वरच्या फ्लेक्सकडं बघत म्हणाली, पण उठली नाही.